मेलानेशियाची जुनी छायाचित्रे : ओळखायची, जपायची आणि वापरायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका महाविद्यालयाच्या जुन्या कपाटात काचेच्या स्लाइड्स, काही काचेच्या निगेटिव्ह आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो यांची पेटी सापडली आहे. पेटीवर इंग्रजीत ‘दक्षिण समुद्रातील रानटी लोक’ एवढेच लिहिले आहे. काही चित्रांखाली ‘न्यू गिनी’, ‘सॉलोमन’ अशी नावे आहेत. ही चित्रे कुठली आणि कधीची हे कसे ठरवायचे, त्यांवरून मेलानेशियन लोकांच्या पारंपरिक जगण्याबद्दल किती खात्रीने बोलता येते, ती जपायची कशी आणि प्रदर्शनात लावावीत का, असे विचारले आहे.

सुरुवात फोटोखालच्या ओळीपासून करू नका. ती ओळ पुष्कळदा काढणाऱ्याची नसतेच. विकणाऱ्याने, मिशनच्या कचेरीतल्या कारकुनाने किंवा वीस-पंचवीस वर्षांनी संग्रहाची यादी करणाऱ्याने ती लिहिलेली असते. आधी वस्तू पाहा, मग तिच्यावरचे क्रमांक, मग त्याच मालिकेतली शेजारची चित्रे, मग चित्रातल्या गोष्टी आणि सर्वांत शेवटी ओळ. ज्या गावात चित्र काढले त्या गावातल्या लोकांचे म्हणणे या साऱ्याच्या वरचे. त्याकडे पुढे येतो.

मेलानेशिया हे नाव फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द’उर्व्हिल याने १८३२ मध्ये रूढ केले, तेही लोकांच्या कातडीच्या रंगावरून. त्यात न्यू गिनी, बिस्मार्क द्वीपसमूह, सॉलोमन बेटे, वानुआतू, न्यू कॅलेडोनिया आणि फिजी येतात, आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाची टोरेस सामुद्रधुनीतली बेटेही. एकट्या पापुआ न्यू गिनीत ८०० हून अधिक भाषा आहेत, चिमुकल्या वानुआतूत १०० हून अधिक. त्यामुळे ‘मेलानेशियन नृत्य’ किंवा ‘पापुअन घर’ अशा नोंदीला काही अर्थ नाही. निदान बेट, शक्यतो किनारा किंवा खोरे आणि जमले तर गाव, इथपर्यंत पोचायला हवे.

आता वस्तू. दहापट भिंग आणि तिरपा उजेड एवढ्यावर पुष्कळ काम होते. काच जाड आणि हाताने कापलेली, लेप कडेपर्यंत नीट न पोचलेला, एखाद्या कोपऱ्यात अंगठ्याने धरल्याची खूण आणि उजेडात पाहिल्यावर चित्र मळकट सायीच्या रंगाचे असेल, तर ती ओल्या कलोडियनची (काचेवर ओतायच्या चिकट रासायनिक द्रवाची) प्लेट. ही रीत १८५१ पासून साधारण १८८० च्या दशकापर्यंत चालली. प्लेट ओली असतानाच टिपावी आणि लगेच धुवावी लागे, त्यामुळे काळोख्या तंबूचे बिऱ्हाड बरोबर नेणे भाग होते आणि लोकांना काही सेकंद स्तब्ध उभे राहावे लागे. अशा चित्रातला नाचणारा माणूस अगदी रेखीव दिसत असेल, तर तो त्या क्षणी नाचत नव्हता. त्याला तसे उभे केले होते.

यंत्राने कापलेली पातळ एकसारखी काच, कडेपर्यंत सारखा लेप, करडा-काळा रंग आणि कडांना चंदेरी झाक ही जिलेटिनच्या सुक्या प्लेटची लक्षणे. ती १८८० च्या आसपास सर्रास झाली, आणि उन्हात सेकंदाच्या अंशात चित्र टिपता येऊ लागले. मेलानेशियाची बहुतेक जुनी चित्रे याच प्लेटवरची आहेत, कारण तिथे वसाहती आणि मिशने पक्की होण्याचा काळ तोच. मापही नोंदवा: क्वार्टर प्लेट ३¼ × ४¼ इंच, हाफ प्लेट ४¾ × ६½, होल प्लेट ६½ × ८½. व्याख्यानाला वापरायची ब्रिटिश रीतीची लँटर्न स्लाइड ३¼ इंच चौरस, अमेरिकन ३¼ × ४. स्लाइड कुठल्या देशात बनली असावी याचा अंदाज एवढ्यावरून येतो. ती कुठे टिपली ते मात्र यावरून कळत नाही, कारण लँटर्न स्लाइड ही जवळजवळ नेहमी मूळ निगेटिव्हची किंवा एखाद्या छापील चित्राची प्रत असते.

कागदी प्रिंटमध्ये भिंगाखाली कागदाचे तंतू दिसत असतील, कागद पातळ असेल, उजळ भाग पिवळा पडला असेल आणि पृष्ठभागावर केसाएवढ्या भेगा असतील, तर तो अल्ब्युमेन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला प्रिंट; साधारण १८५० ते १९००. तंतू दिसत नाहीत आणि रंग जांभळट तपकिरी, तर १८८५ ते १९२० च्या दरम्यानचा उन्हात छापायचा कागद. तंतू नाहीत, रंग तटस्थ काळा, गडद भागात चंदेरी झाक, तर नंतरचा सिल्व्हर जिलेटिन. नियमित ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटोच नव्हे, छापखान्यातली प्रत आहे. पोस्टकार्डाच्या पाठीवर पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असेल, तर ब्रिटनमध्ये छापलेले कार्ड १९०२ किंवा त्यानंतरचे. पण ही तारीख छपाईची झाली. चित्र त्याच्या वीस वर्षे आधीचे असू शकते.

रंगांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे अभ्यासकही फसतात. जुन्या प्लेट फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला जागणाऱ्या होत्या. पुढे आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटना हिरवा-पिवळा कळू लागला, पण लाल तरीही काळाच. सर्व रंगांना जागणाऱ्या प्लेट १९२० च्या दशकानंतर सर्रास झाल्या. म्हणून जुन्या चित्रात लाल गेरू लावलेला चेहरा कोराच दिसतो, कारण गेरू कातडीइतकाच काळा उमटतो. न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या, बेटाबेटांत चालणाऱ्या ‘कुला’ नावाच्या देवघेवीत फिरणाऱ्या लाल शिंपल्यांच्या माळा काळ्या मण्यांच्या वाटतात, आणि उलट दिशेने फिरणारे पांढऱ्या शंखाचे बाहुभूषण झगझगते. निळसर गोंदण फिके पडते किंवा नाहीसे होते. न्यू गिनीच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या मोटू स्त्रियांच्या अंगभर गोंदणाचे काही फोटो विलक्षण ठसठशीत दिसतात, तेव्हा गोंदणावरून आधी काळा रंग फिरवला होता का, ही शंका घ्यायलाच हवी. आकाश नेहमी पांढरेफटक येते. त्यात ढग असतील तर ते दुसऱ्या निगेटिव्हमधून आलेले असण्याची शक्यता मोठी. थोडक्यात, ‘अंग रंगवलेले नव्हते’, ‘गोंदण नव्हते’ अशी नकारात्मक विधाने या चित्रांच्या आधारावर करू नयेत.

त्यातच गडद कातडीचा प्रश्न. अनेक छायाचित्रकारांनी कॅमेऱ्याची उघडझाप (किती वेळ उजेड आत घ्यायचा ते) पांढऱ्या वाळूच्या आणि कपड्यांच्या हिशेबाने ठेवली, त्यामुळे चेहरे सावलीत बुडाले. निगेटिव्हमध्ये तपशील शिल्लक असतो, प्रिंटमध्ये तो हरवतो. निगेटिव्ह मिळत असेल तर प्रिंटवर समाधान मानू नका.

छायाचित्रकार कोण होता आणि तिथे किती वेळ होता, यावर चित्राचा अर्थ पुष्कळ अवलंबून असतो. मेलबर्नचा व्यावसायिक छायाचित्रकार जे. डब्ल्यू. लिंट १८८५ मध्ये सर पीटर स्क्रॅचली यांच्या सरकारी फेरीबरोबर न्यू गिनीच्या आग्नेय किनाऱ्यावर गेला आणि १८८७ मध्ये त्याने चित्रांचे पुस्तक काढले. त्याची कोइआरी लोकांच्या झाडावरच्या घरांची आणि पाण्यावरच्या मोटू वस्त्यांची चित्रे तांत्रिकदृष्ट्या उत्कृष्ट आहेत. पण ती सरकारी बोटीवरून उतरलेल्या माणसाची आहेत. त्यात चौकट सुंदर आहे, नाव बहुतेक कुणाचेच नाही. त्याच किनाऱ्यावरच्या पोर्ट मोर्सबीत मिशनरी विल्यम लॉज १८७४ पासून राहत होते. भाषा येणाऱ्या, लोकांना ओळखणाऱ्या माणसाची ती चित्रे, पण विकली गेली सिडनीतल्या हेन्री किंग यांच्या स्टुडिओतून. म्हणून प्रिंटवर ‘किंग, सिडनी’ असे असले तरी किंग यांनी ती काढली असे धरू नका. स्टुडिओचा शिक्का विक्रेता सांगतो.

होबार्टचे छायाचित्रकार जॉन वॉट बीटी १९०६ मध्ये मेलानेशियन मिशनच्या ‘सदर्न क्रॉस’ जहाजावरून नॉरफोक बेट, न्यू हेब्रिडीज (आजचे वानुआतू), सांताक्रूझ आणि सॉलोमन बेटांत फिरले. मिशनचे जहाज एका ठिकाणी थोडाच वेळ थांबे. त्यामुळे बीटींच्या संग्रहात किनारा, होड्या, मिशनच्या शाळा आणि जहाज पाहायला जमलेले लोक भरपूर आहेत. डोंगरातली गावे, शेती, रात्रीचे विधी जवळजवळ नाहीत. ‘हे लोक दर्यावर्दी होते’ असा निष्कर्ष यातून काढणे म्हणजे जहाजाच्या मार्गालाच संस्कृती समजणे. मात्र त्यांच्या फेरीची रोजनिशी उपलब्ध असल्याने क्रमांक आणि बंदर जुळवून तारीख बसवता येते, आणि त्या दृष्टीने हा संग्रह फार मोलाचा आहे.

केंब्रिजची टोरेस सामुद्रधुनी मोहीम १८९८ ची. ए. सी. हॅडन तिचे प्रमुख, छायाचित्रकार अँथनी विल्किन. तिथे १८७१ मध्येच मिशन आले होते आणि मेर बेटावरचा मालो-बोमाई विधी बंद पडून बराच काळ लोटला होता. हॅडन यांच्या विनंतीवरून मेरच्या माणसांनी पुठ्ठ्याचे मुखवटे तयार केले आणि ते नाचले. त्याचे चलच्चित्रही घेतले गेले. मोहिमेच्या चित्रफितीतली चारेक मिनिटे आज उरली आहेत. हे बनावट आहे का? माझे उत्तर नाही असे आहे. ज्यांनी मुखवटे केले त्यांना मूळ विधी आठवत होता, पावले त्यांचीच होती. पण नोंदीत ‘१८९८ मधला मालो-बोमाई विधी’ असे न लिहिता ‘१८९८ मध्ये हॅडन यांच्यासाठी पुन्हा करून दाखवलेला, पुठ्ठ्याचे मुखवटे’ असे लिहिले पाहिजे. त्याच मोहिमेत घेतलेल्या वंशावळी पुढे मेर बेटाच्या जमिनीच्या माबो खटल्यात पुराव्यात आल्या आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेटवासीयांचा हक्क मान्य केला. जुन्या कागदांचे आणि चित्रांचे तिथल्या लोकांना किती मोल आहे हे यावरून समजावे.

मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात दोन मुक्कामांत ट्रोब्रियांडमध्ये राहिले. त्यांची सुमारे ११०० चित्रे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ग्रंथालयात आहेत. ती पाहताना अंतराकडे लक्ष द्या. कॅमेरा मध्यम अंतरावर, डोळ्यांच्या पातळीवर. माणूस, त्याच्या मागे घर, कोनफळाच्या जातीच्या कंदांचे कोठार, शेजारी बसलेले लोक, असे सगळे एका चौकटीत. चेहरा-आणि-बाजू अशा मोजमापाच्या चित्रांपेक्षा हे फार वेगळे आहे. तरीही त्यांनी स्वतःच १९३५ मध्ये लिहून ठेवले की छायाचित्रणाला आपण दुय्यम मानले आणि ती गंभीर चूक होती. शेतीतली कितीतरी रोजची कामे टिपायची राहून गेली, कारण ती रोज समोर होती. संग्रहातली पोकळी वाचायची कशी, याचे इतके प्रामाणिक मार्गदर्शन दुसऱ्या कुणी दिलेले नाही.

पापुआचे सरकारी मानववंशशास्त्रज्ञ एफ. ई. विल्यम्स यांनी १९२२ पासून जवळजवळ दोन दशके तिथल्या वेगवेगळ्या भागांत काम केले. आखातकाठच्या ओरोकोलो इथल्या ‘हेवेहे’ विधीच्या मुखवट्यांची त्यांची मालिका क्रमाने पाहिली तर वर्षानुवर्षे चालणाऱ्या विधीचे टप्पे दिसतात; सुटे चित्र पाहिले तर फक्त उंच मुखवटा दिसतो. याउलट ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांची १९२० च्या दशकातली पापुआची चित्रे प्रेक्षागृहासाठी आहेत. पहिल्या महायुद्धात दोन-तीन निगेटिव्ह जोडून एक दृश्य करण्यावरून त्यांचा ऑस्ट्रेलियाचे अधिकृत युद्ध-इतिहासकार चार्ल्स बीन यांच्याशी वाद झाला होता, हे लक्षात ठेवून त्यांचे आकाश, धूर आणि उजेड तपासावेत. जोडकाम ही काही पॅसिफिकचीच खासियत नाही. मुंबईच्या विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये काढलेल्या मुंबईतल्या जातीजमातींच्या दोन खंडांत स्टुडिओत टिपलेली माणसे बाहेरच्या देखाव्यांवर बसवलेली आहेत. ओळखण्याची रीत दोन्हीकडे तीच: सावल्या एका दिशेला पडतात का, पाय जमिनीवर टेकलेले वाटतात का, माणसाच्या कडेला उजळ किंवा गडद रेघ आहे का, पुढच्या आणि मागच्या भागात चित्राचे बारीक कण सारखे आहेत का.

स्थळ ठरवताना घराला दागिन्यापेक्षा जास्त वजन द्या. घर हलत नाही. शिंपले, कवड्या, बाहुभूषणे, पिसे आणि डुकराचे सुळे व्यापारात शेकडो मैल फिरत. छताचा उतार, खांबांची उंची, पाण्यावर की जमिनीवर, पुढचा दर्शनी भाग, न्यू कॅलेडोनियातल्या कनाक लोकांच्या गोल घराच्या शेंड्यावरचा कोरीव लाकडी सुळका, या गोष्टी प्रदेश पक्का करतात. त्याखालोखाल होड्या. सॉलोमनमधल्या न्यू जॉर्जियाच्या उंच नाळेच्या युद्धहोडीला बाजूची उलांडी (तोल राखणारा ओंडका) नसते. ट्रोब्रियांडच्या होडीला असते. मोटू लोकांची हिरी सफरीची लाकातोई म्हणजे अनेक होडक्यांचे तळ एकत्र बांधून केलेले तारू, वर खेकड्याच्या नांगीसारखी शिडे. ती मातीची भांडी घेऊन पश्चिमेला पापुआच्या आखातात जात आणि सागो (एका ताडाच्या गाभ्याचे पीठ) घेऊन परतत. वानुआतूतल्या आंब्रिम बेटावरचे लांब चीर पाडलेले उभे लाकडी ढोल, न्यू आयर्लंडच्या उत्तरेतली, मृतांच्या विधींसाठीची मालांगन लाकूडकामे याही पक्क्या खुणा, पण ती आपल्या जागी असतील तरच. स्टुडिओच्या पडद्यासमोर हातात दिलेली गदा किंवा ढाल काहीच सिद्ध करत नाही. एकच ढाल तीन माणसांच्या हातात दिसली, तर ती छायाचित्रकाराची.

डोंगराची कड दिसत असेल तर ती उपग्रह नकाशाच्या त्रिमितीय दृश्याशी जुळवा. झाडे बदलतात, कड बदलत नाही. ती जुळेना तर चित्र आरशातल्यासारखे उलटवून पाहा. काचेची बाजू उलटी ठेवून छापलेली चित्रे खूप आहेत. कपड्यावरचे किंवा खोक्यावरचे अक्षर, एखाद्या ज्ञात बंदराची रचना, संग्रहालयात शिल्लक असलेली तीच कोरीव वस्तू यांवरून सरळ बाजू ठरते. लँटर्न स्लाइडवर पांढरे ठिपके चिकटवलेले असतात, पण ते लावण्याच्या एकाहून अधिक रीती होत्या. फक्त त्यांच्या भरवशावर राहू नका.

काळ ठरवायला बाहेरून आलेल्या वस्तू उपयोगी पडतात: लोखंडी कुऱ्हाड, कापड, काचमणी, मातीची चिलीम. न्यू गिनीच्या अंतर्भागातल्या डोंगराळ खोऱ्यांत गोऱ्या लोकांचा प्रवेश १९३० च्या दशकातला. तिथे पूर्वी मोत्याच्या मोठ्या शिंपल्यांचे तुकडेच हस्ते-परहस्ते पोचत. विमानांनी शिंपले येऊ लागल्यावर ते अख्खे आणि पुष्कळ दिसू लागले. तिथे सोने शोधायला गेलेल्या मिक लेही यांच्या १९३० च्या दशकातल्या चित्रांशी ताडून पाहिले की हा फरक डोळ्यांत भरतो.

नावांवरून काळ काढताना मात्र जपून. ‘नॉय पोमेर्न’ म्हणजे न्यू ब्रिटन आणि ‘नॉय मेक्लेनबुर्ग’ म्हणजे न्यू आयर्लंड ही जर्मन अमलातली, १९१४ च्या आधीची नावे. ‘ब्रिटिश न्यू गिनी’ १९०६ मध्ये ‘पापुआ’ झाले. ‘न्यू हेब्रिडीज’ १९८० मध्ये वानुआतू झाले. यावरून ओळ कधी लिहिली ते कळते, चित्र कधी काढले ते नाही. आणि चित्र काढलेली जागा म्हणजे माणसाचे गाव असेही नाही. १८६३ ते १९०४ दरम्यान मुख्यतः वानुआतू आणि सॉलोमनमधून सुमारे ६२,००० मजूर-करारांवर लोक ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले, काही फसवून, काही जबरदस्तीने. ‘सॉलोमन बेटवासी’ अशी ओळ असलेला माणूस क्वीन्सलंडमध्ये उभा असू शकतो. फिजीतल्या मळ्यांच्या चित्रांत १८७९ नंतर आलेले गिरमिटिये भारतीयही असतात, हे आपल्याकडच्या वाचकाने विशेष लक्षात ठेवावे.

आता पेटी. काच हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, सुती नकोत. ते निसटतात आणि सुटलेल्या लेपात अडकतात. प्लेट दोन्ही हातांनी कडेला धरा, लेपाची बाजू वर. धूळ काढायला रबरी फुगा आणि मऊ ब्रश पुरे. लेप सुटत असेल, पोपडे निघत असतील, तर ब्रशही लावू नका. बुरशी ओल्या फडक्याने पुसणे हा सर्वांत महाग पडणारा उपाय, कारण बुरशी लागलेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि फडक्यावर चित्रच निघून येते. आधी पेटी कोरड्या खोलीत न्या, बुरशी सुकून भुकटी झाली की मुखपट्टी लावून ती काचेच्या बाजूनेच काढा. लेपाची बाजू तज्ज्ञ संवर्धकाची. हाताने रंगवलेल्या स्लाइडला तर पाण्याचा थेंबही लावायचा नाही. स्लाइडच्या कडेची काळी कागदी पट्टी सुटली तर चिकटपट्टी लावू नका.

प्रत्येक प्लेट आम्लमुक्त कागदाच्या चार घड्यांच्या वेष्टनात, लांब कडेवर उभी, आणि दर पाच-सहा प्लेटनंतर ताठ पुठ्ठा. आडव्या थप्पीत खालच्या प्लेट वरच्यांच्या वजनाने फुटतात. फुटलेली प्लेट मात्र आडवीच, तुकडे एकमेकांना न लागतील असे पुठ्ठ्याच्या खाचांत. पीव्हीसीचे पाकीट कधीच नको. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत पॉलिएस्टरही जिलेटिनला चिकटते, तिथे कागदच बरा. सापेक्ष आर्द्रता ३० ते ४० टक्के असावी. ६५ च्या वर गेली की बुरशी जोर धरते आणि आपल्या पावसाळ्यात ती ८० सहज ओलांडते. वातानुकूलन दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवणे हे ते नसण्यापेक्षा वाईट, कारण थंड काचेवर दव धरते. एवढी सोय नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत आर्द्रतामापक, आणि जेल दर पंधरवड्याला तपासणे.

फिल्मच्या निगेटिव्ह असतील तर त्या आधी वेगळ्या करा. कडेला ‘सेफ्टी’ असे नसेल, फिल्म पिवळसर, चिकट झाली असेल आणि उग्र वास येत असेल, तर ती सेल्युलोज नायट्रेट असू शकते. ती अतिशय ज्वालाग्राही असते, पेटली तर पाण्याने सहज विझत नाही आणि तिची वाफ काचेच्या प्लेटनाही खाते. हवाबंद डब्यात ठेवू नका, टपालाने पाठवू नका, अग्निशमनाचा सल्ला घ्या. सिरक्यासारखा वास आला तर ती अॅसिटेट. ती नायट्रेटसारखी भडकत नाही, पण आक्रसते आणि लेपाला सुरकुत्या पडतात, म्हणून तिचे स्कॅनिंग आधी.

स्कॅनिंग १६ बिट, आकार न दाबलेली (अनकॉम्प्रेस्ड) टिफ फाइल. क्वार्टर प्लेटला १२०० पीपीआय (दर इंचाला बिंदू) म्हणजे साधारण ३९०० × ५१०० बिंदू, करड्या छटांत ४० एमबीच्या आसपास. होल प्लेटला ८०० पुरे, ५२०० × ६८००, सुमारे ७० एमबी. प्लेटच्या चारही कडा चित्रात आल्याच पाहिजेत. कडेला ओरखडलेला क्रमांक, टाचणीच्या खुणा, छापताना कापून टाकलेला हवालदार, मिशनरी किंवा कॅमेऱ्याची पेटी बरेचदा तिथेच सापडते. स्लाइडची कागदी चौकट, पाठ, वेष्टन, पेटीचे झाकण यांचेही स्कॅन घ्या. मूळ फाइलवर डाग पुसणे, उजळवणे काही करू नका, ते प्रतीवर.

नोंदवहीत रकाने वेगळे ठेवा: मूळ ओळ जशीच्या तशी, अवतरणात, कुणी लिहिली आणि कशावर, तुम्ही ठरवलेले स्थळ आणि काळ, त्यापुढे आधार, समुदायाने दिलेली माहिती, ती देणाऱ्याच्या संमतीने आणि तारखेसह. ‘रानटी’, ‘नरभक्षक’ असे शब्द मूळ ओळीच्या रकान्यात राहू द्या, कारण तोही इतिहास आहे. पण फाइलच्या नावात, शोधशब्दांत किंवा भिंतीवरच्या पाटीत ते जाता कामा नयेत.

काय लावू नये हेही ठरवायला हवे. पुरुषांच्या घरातले दीक्षाविधी, न्यू गिनीच्या सेपिक खोऱ्यातल्या पवित्र बासऱ्या, पूर्वजांच्या कवट्या, न्यू ब्रिटनच्या तोलाई लोकांच्या गुप्त मंडळाचे डुकडुक आणि तुबुआन हे मुखवटाधारी, यांतल्या काही गोष्टी स्त्रियांनी किंवा दीक्षा न झालेल्यांनी पाहायच्या नसतात. चित्र शंभर वर्षे पुस्तकांत छापले गेले म्हणून तो निर्बंध संपत नाही. पोर्ट व्हिलाच्या वानुआतू कल्चरल सेंटरने निर्बंधित चित्रफिती आणि ध्वनिमुद्रणांसाठी स्वतंत्र ‘ताबू’ खोली ठेवली आहे आणि गावोगावच्या स्थानिक क्षेत्रकार्यकर्त्यांचे जाळे उभे केले आहे. ठरवण्याचा अधिकार कुणाचा, याचे सरळ उत्तर तिथे दिसते. खात्री होत नसेल तर चित्र नोंदवा, स्कॅन करा, पण लावू नका.

कायद्याचा हक्क आणि नैतिक परवानगी वेगळ्या आहेत. ऑस्ट्रेलियात १९५५ पूर्वी काढलेल्या छायाचित्रांचा कॉपीराइट संपला आहे. ब्रिटनमध्ये सामान्यतः काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, भारतात प्रकाशनापासून ६०. त्यामुळे लिंट, विल्किन, बीटी यांची चित्रे मोकळी. १९१४-१५ मध्ये वानुआतूतल्या मालाकुलात काम केलेले ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जॉन लेयार्ड १९७४ मध्ये वारले, म्हणून त्यांची ब्रिटनमध्ये अजून मोकळी नाहीत. पण ‘मोकळी’ म्हणजे चित्रातल्या माणसाच्या नातवंडांची हरकत नाही, असे नव्हे.

लेयार्ड यांच्या चित्रांच्या प्रती केंब्रिजहून मालाकुलाला परत गेल्या आणि विल्यम्स यांच्या चित्रांच्या प्रती पापुआतल्या पुरारी नदीच्या त्रिभुज प्रदेशात. तिथल्या लोकांनी ती पाहिली ती ‘परंपरा’ म्हणून नव्हे. हा कुणाचा आजोबा, हे घर कोणत्या कुळाचे, ही जमीन कुणाची, असे प्रश्न निघाले. म्हणून प्रती पाठवताना मोठ्या कागदी प्रिंट द्या, निदान ए४. फोनवर वृद्धांना तपशील दिसत नाही. कापलेले नको, पूर्ण प्लेट द्या. मूळ ओळ प्रिंटवर छापू नका, मागे क्रमांक फक्त लिहा, नाहीतर लोक छापील नावालाच होकार देतात. दोन कुटुंबांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही नोंदवा. कोणते खरे ते ठरवणे तुमचे काम नाही, आणि त्यावर जमिनीचा वाद अवलंबून असू शकतो.

पत्रव्यवहार कुठे करायचा: पापुआ न्यू गिनीसाठी पोर्ट मोर्सबीचे राष्ट्रीय संग्रहालय व कलादालन, सॉलोमनसाठी होनियाराचे राष्ट्रीय संग्रहालय, वानुआतूसाठी वर सांगितलेले केंद्र, फिजीसाठी सुवाचे फिजी म्युझियम, न्यू कॅलेडोनियासाठी नूमेआचे चिबाऊ केंद्र. पहिल्या पत्रात उपदेश किंवा निष्कर्ष नकोत. पेटीत किती वस्तू, कोणत्या प्रकारच्या आणि मापाच्या, कडेवर आणि पाठीवर नेमके काय लिहिले आहे, पेटी तुमच्याकडे कशी आली आणि विधींची चित्रे वाटणारे क्रमांक कोणते, एवढे कळवा. त्या क्रमांकांची चित्रे पत्राला जोडू नका. कुणी पाहायची ते त्यांनी सांगितल्यावर त्याच व्यक्तीला पाठवा.